गंजिफ्रॉकचा पूर्वज : मच्छीमारांचा स्वेटर आणि बुडालेल्यांची दंतकथा

१/ मराठी घरांतल्या जुन्या पिढीच्या तोंडी 'गंजिफ्रॉक' हा शब्द अजूनही ऐकू येतो. अर्थ साधा, सदऱ्याच्या आत घालायचे बनियन. कडब्याच्या गंजीशी या शब्दाचे काही नाते नाही. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या इंग्लिश खाडीत गर्न्झी नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथल्या विणलेल्या अंगरख्याला एकोणिसाव्या शतकातले इंग्रज 'गर्न्झी फ्रॉक' म्हणत. बंगालीतले 'गेंजी', हिंदीतले 'गंजी' आणि मराठीतले 'गंजिफ्रॉक' हे शब्द याच नावापासून आले, असे मानले जाते.

२/ मूळ गर्न्झी फ्रॉक मात्र पातळ सुती बनियन नव्हता. तो जाड लोकरीचा, अंगाला घट्ट बसणारा, थंड समुद्रावरच्या मच्छीमारांचा स्वेटर होता. ब्रिटनच्या किनाऱ्यावर त्याला बोलीत 'गॅन्झी' म्हणतात. या स्वेटरबरोबर एक हृदयद्रावक कथा जगभर फिरते. प्रत्येक गावाची, प्रत्येक कुळाची वीण म्हणे ठरलेली असे. बुडालेल्या मच्छीमाराचे प्रेत दूरच्या किनाऱ्याला लागले आणि चेहरा ओळखण्यापलीकडे गेला, तरी विणीवरून त्याचे घर सापडे. ही कथा कुठून आली, आणि तिच्यामागे काय झाकले गेले, याचा हा शोध.

३/ सुरुवात सोळाव्या शतकापासून करावी लागते. गर्न्झी आणि तिचे शेजारचे बेट जर्सी ही दोन्ही बेटे तेव्हा हातविणीच्या मोज्यांसाठी युरोपभर प्रसिद्ध होती. लोकर इंग्लंडहून येई आणि विणलेला माल बाहेर जाई. हा धंदा इतका किफायतशीर ठरला, की बायकांबरोबर पुरुषही सुया घेऊन बसू लागले आणि शेते ओस पडण्याची वेळ आली. अखेर १६०८ मध्ये जर्सीच्या कारभाऱ्यांनी कायदाच केला : सुगीच्या आणि खतासाठी समुद्रशेवाळ गोळा करण्याच्या दिवसांत पंधरा वर्षांवरील कोणीही विणकाम करू नये.

४/ आज क्रिकेटपटूच्या अंगावर असते ती 'जर्सी' आणि गोठ्यात असते ती 'जर्सी' या दोघींचे नाव याच बेटावरून आले. विणकामाचे यंत्रही जुनेच आहे. विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणणारी यंत्रचौकट १५८९ मध्येच तयार केली होती. पुढच्या दोन-अडीच शतकांत यंत्राने मोज्यांचा धंदा हळूहळू हातविणीकडून हिरावून घेतला. हातविणीला उरलेल्या जागांपैकी एक होती मच्छीमाराचा अंगरखा. तिथे यंत्राचे कापड पुरे पडत नव्हते. का, ते त्याच्या रचनेतून कळते.

५/ गॅन्झीला शिवण नसते. दोन्ही टोके अणकुचीदार असलेल्या चार-पाच बारीक लोखंडी सुयांवर तो गोल गोल, नळीसारखा विणला जाई. धागा पाच पदरी, कंगव्याने विंचरून घट्ट पीळ दिलेला, बहुधा गर्द निळ्या रंगाचा. वीण इतकी आवळून केलेली, की वारा आत शिरत नसे आणि समुद्राचे तुषार बराच वेळ वरच्यावर राहत. विणणारी बाई कमरेच्या पट्ट्यात लाकडाची एक पोकळ म्यान खोचून घेई. एका सुईचे टोक तिच्यात अडकवले की एक हात मोकळा होई, वेग वाढे, आणि चालता चालताही विणता येई.

६/ प्रत्येक बारकाव्याला कारण होते. बगलेत शंकरपाळ्याच्या आकाराची कळी घातलेली असे, म्हणजे वल्हवताना किंवा जाळे ओढताना वीण ताणून फाटत नसे. पुढची आणि मागची बाजू सारखीच असे. त्यामुळे स्वेटर उलटा घालता येई आणि झीज दोन्ही बाजूंना वाटली जाई. बाह्या खांद्यापासून खाली विणत आणत. मनगटाजवळचा भाग सर्वांत आधी विरे. तेवढाच उसवून नव्या धाग्याने पुन्हा विणला, की अख्खा स्वेटर आणखी काही वर्षे चाले.

७/ नक्षीही निव्वळ शोभेची नव्हती. सुलट आणि उलट टाक्यांच्या उंचसखलपणातून ती उमटे आणि बहुतेक वेळा छातीच्या वरच्या भागातच असे. अशा विणीत हवा अडकून राहते आणि ऊब वाढते. खालचा भाग साधा ठेवीत, कारण तो लवकर झिजे आणि साधी वीण दुरुस्तीला सोपी असते. नक्षीची नावे मच्छीमारांच्या रोजच्या जगातली : दोरखंड, शिडी, नांगर, जाळे, माशाचा काटा. कॉर्नवॉलमधल्या पोलपेरो गावी लुईस हार्डिंगने १८६० च्या सुमारास मच्छीमारांची छायाचित्रे घेतली. त्यांत या विणी आजही टाका न् टाका मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात.

८/ ज्या समुद्रासाठी हे कपडे विणले जात, तो निर्दय होता. ऑगस्ट १८४८ मध्ये स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एका रात्रीच्या वादळात १०० मच्छीमार बुडाले. कॅप्टन जॉन वॉशिंग्टन यांच्या सरकारी चौकशीचा अहवाल पुढच्या वर्षी आला. त्यात बिनडेकच्या उघड्या होड्या आणि अपुरी बंदरे यांच्यावर बोट ठेवले होते. १४ ऑक्टोबर १८८१ या शुक्रवारी आयमथ आणि आसपासच्या गावांच्या होड्या वादळात सापडल्या. १८९ पुरुष गेले, त्यांपैकी १२९ एकट्या आयमथचे. कित्येक होड्या धक्क्यावरून दिसत असताना, घरच्यांच्या डोळ्यांदेखत फुटल्या.

९/ अशा किनाऱ्यावर बुडालेल्यांची ओळख हा कल्पनेचा विषय नव्हता. दंतकथेला पाय फुटले ते या खऱ्या दुःखामुळे. पण किनाऱ्यावरच्या बायकांचे आयुष्य केवळ वाट पाहण्यात जात नव्हते. त्या काळच्या मत्स्यव्यवसायाचा अर्धा भार त्यांच्या खांद्यावर होता आणि गॅन्झीच्या विणीचा खरा इतिहास त्यांच्याच वाटेने जातो. त्या वाटेचे नाव हेरिंग.

१०/ हेरिंग हा आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. त्याचे थवे हंगामानुसार स्थलांतर करीत. उन्हाळ्यात उत्तरेला शेटलंडजवळ आणि शरद ऋतूत दक्षिणेला इंग्लंडच्या यार्मथ व लोस्टॉफ्ट बंदरांजवळ. होड्या माशांमागे जात आणि होड्यांमागे आगगाडीने, जहाजाने हजारो तरुण स्कॉटिश स्त्रिया जात. लोक त्यांना 'हेरिंग गर्ल्स' म्हणत. तिघींची एक टोळी असे. दोघी मासा चिरून आतडी काढीत आणि तिसरी पिंपात मीठ व मासे यांचे थर लावी. पिंपे जर्मनी आणि रशियाकडे रवाना होत.

११/ निष्णात बाई मिनिटाला साठपर्यंत मासे साफ करी. सुरी बोटांवर चाले, मीठ जखमांत शिरे, म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत. मजुरी पिंपांच्या हिशेबाने मिळे. १९३६ मध्ये यार्मथला याच स्त्रियांनी मजुरीवाढीसाठी संप केला. आणि ज्या घटकेला होड्या यायच्या असत, त्या घटकेला हातांत सुया असत. धक्क्याकडे जाताना, गप्पा मारताना, उभ्या उभ्या विणणाऱ्या या स्त्रियांची छायाचित्रे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. मासे चिरणारे आणि स्वेटर विणणारे हात एकच होते.

१२/ इथेच दंतकथेला पहिला तडा जातो. शेटलंडची मुलगी यार्मथच्या धक्क्यावर हेब्रिडीज बेटांवरच्या मुलीशेजारी उभी राही. एकीची नक्षी दुसरीला आवडे, ती मनात साठवून घरी नेई, तीत आपली भर घाली. विणीचे कागदी नमुने जवळपास नव्हतेच. सारे पाहून आणि लक्षात ठेवून चाले. अशा रीतीने दर हंगामात नक्षी शेकडो मैल प्रवास करी. काही गावांच्या खास आवडी होत्या, हे खरे. फायलीचा किंवा शेरिंगमचा स्वेटर जाणकाराला अंदाजाने सांगता येई. पण आवड म्हणजे गावाचे राजचिन्ह नव्हे. एकाच घरातल्या दोन भावांच्या अंगावर दोन वेगळ्या नक्षी असणे ही सामान्य गोष्ट होती.

१३/ दुसरा तडा पैशाचा. कॉर्नवॉलमध्ये या स्वेटरला 'निट-फ्रॉक' म्हणत, आणि तिथल्या अनेक स्त्रिया ते मजुरीवर विणीत. व्यापारी लोकर देई, तयार स्वेटर परत घेई आणि नगाला काही शिलिंग हातावर टेकवी. हे स्वेटर कोणा अनोळखी मच्छीमाराच्या अंगावर जात. विणणारीला त्याचे नावही ठाऊक नसे. ज्या कपड्याची विक्री दुकानातून होत होती, त्याच्या नक्षीत एखाद्या कुळाची ओळख दडलेली असणार कशी?

१४/ ओळखीची एक खूण मात्र खरी होती. कित्येक गॅन्झींच्या खालच्या काठाजवळ घालणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे विणलेली असत. नक्षीपेक्षा ही दोन अक्षरे कितीतरी उपयोगाची. आणि जिने स्वतः स्वेटर विणला, तिला आपल्या हाताची वीण ओळखू येणे हेही स्वाभाविक होते. पण एका स्त्रीने आपले काम ओळखणे वेगळे आणि साऱ्या किनाऱ्याने विणीवरून कुळे ओळखणे वेगळे. पहिल्यातून दुसरे कसे जन्माला आले, हे समजण्यासाठी आयर्लंडच्या पश्चिमेला, ॲरन बेटांवर जावे लागते.

१५/ गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी ॲरनची तीन बेटे आहेत : इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर. नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग १८९८ पासून काही उन्हाळे तिथे राहिला. बेटांवरच्या लोकांची भाषा, पेहराव, होड्या, मृत्यू यांची त्याने बारकाईने टिपणे ठेवली आणि १९०७ मध्ये 'द ॲरन आयलंड्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एका अनोळखी बुडालेल्या माणसाची हकीकत आहे. त्याचे प्रेत दूर डोनेगलच्या किनाऱ्याला लागले होते. तो कोण, याचा विचार बेटावरचे लोक तीन दिवस करीत होते. खुणा होत्या : पायात कच्च्या कातड्याचे पायताण, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, खिशात पैशांची पिशवी आणि तंबाखूची डबी. स्वेटरचा उल्लेखही नाही.

१६/ सिंगच्या 'रायडर्स टू द सी' या एकांकिकेचा पहिला प्रयोग १९०४ मध्ये डब्लिनला झाला. तिच्यात दोन बहिणी एका बुडालेल्या माणसाच्या कपड्यांचे गाठोडे सोडतात. शर्टाच्या कापडावरून खात्री पटत नाही, कारण तसले कापड दुकानात कोणालाही मिळते. मग धाकटी बहीण एक मोजा हातात घेते, टाके मोजते, आणि तिला कळते की हा आपणच विणला होता. चार टाके गळलेले, तेही तिचेच. भाऊ गेला हे त्या गळलेल्या टाक्यांनी सांगितले.

१७/ या प्रसंगात स्वेटर नाही, कुळाची नक्षी नाही, गावाची खूण नाही. आहे ती एका मुलीच्या हातून झालेली एक छोटी चूक. प्रसंग इतका प्रभावी होता, की तो रंगमंचावरून लोकस्मृतीत उतरला, आणि तिथे मोज्याचा स्वेटर झाला, चुकीची नक्षी झाली, बहिणीच्या जागी अख्खे गाव आले. गंमत अशी, की सिंगच्याच नोंदीनुसार तेव्हा थोरल्या बेटावरच्या अनेक तरुणांनी मच्छीमारांची विणलेली जर्सी स्वीकारली होती, पण इनिश मानवर त्याला अशी एकच जर्सी दिसली.

१८/ म्हणजे ॲरनचा जगप्रसिद्ध पांढरा, वेण्यावेण्यांच्या विणीचा स्वेटर तेव्हा तिथला पुरातन पोशाख नव्हता. ब्रिटिश सरकारने १८९१ मध्ये पश्चिम आयर्लंडच्या दरिद्री भागांसाठी 'कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड' स्थापन केले आणि या बेटांवर मासेमारीला चालना दिली. बाहेरच्या होड्या आल्या, बाहेरचे लोक आले, आणि त्यांच्याबरोबर गॅन्झीचे तंत्र आले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. बेटावरच्या स्त्रियांनी ते उचलले, जाड पांढऱ्या लोकरीत आणले आणि त्यात पिळाच्या, जाळीच्या, मधमाश्यांच्या पोळ्याच्या विणी रचून काही नवेच घडवले. निर्मितीची ही घटना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली.

१९/ डब्लिनमध्ये म्यूरिएल गॅहन या कार्यकर्तीने १९३० मध्ये 'द कंट्री शॉप' सुरू केले. ग्रामीण कारागिरांच्या मालाला योग्य दाम मिळवून देणे हा तिचा हेतू, आणि ॲरनच्या विणकरणींचे काम त्या दुकानातून शहरापुढे आले. त्याच दशकात हाइन्झ एडगर कीवे या व्यापाऱ्याची नजर डब्लिनमधल्या अशाच एका स्वेटरवर पडली. इ. स. ८०० च्या सुमाराच्या 'बुक ऑफ केल्स' या हस्तलिखितातली गुंतागुंतीची वेलबुट्टी आणि स्वेटरची वीण त्याला सारखी वाटली. त्यावरून हा पोशाख हजार वर्षांहून जुना आणि धार्मिक अर्थाचा असल्याचा सिद्धान्त त्याने मांडला. १९६७ च्या 'द सेक्रेड हिस्टरी ऑफ निटिंग' या पुस्तकात तो सविस्तर आला. पुरावा असा काहीच नव्हता.

२०/ बाजाराला मात्र हाच इतिहास हवा होता. मार्च १९६१ मध्ये क्लॅन्सी ब्रदर्स आणि टॉमी मेकम हे आयरिश गायक अमेरिकेच्या 'एड सलिव्हन शो'मध्ये पांढरे ॲरन स्वेटर घालून गायले. ते स्वेटर क्लॅन्सी बंधूंच्या आईने थंडीसाठी पाठवले होते, असे सांगतात. मागणी अफाट वाढली. आयरिश वंशाच्या अमेरिकन गिऱ्हाइकाला नुसता उबदार कपडा नको होता, त्याला पूर्वजांचा धागा हवा होता. मग आडनावानुसार 'कुळाची वीण' विकली जाऊ लागली आणि बुडालेल्यांची कथा स्वेटरबरोबर गिऱ्हाइकाच्या हाती पडू लागली.

२१/ या कथेची चिकित्सा करणारेही विणकामाच्या जगातूनच आले. लेस्टरचे बिशप रिचर्ड रट स्वतः विणकाम करीत. १९८७ च्या 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' या ग्रंथात त्यांनी प्राचीनतेचा दावा फेटाळला. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या विणकाम-रचनाकार ॲलिस स्टारमोर यांनी १९९७ च्या 'ॲरन निटिंग'मध्ये जुन्या स्वेटरांचे टाके, बांधणी, बगलेच्या कळ्या यांची तुलना करून ॲरनच्या विणीचे नाते स्कॉटिश गॅन्झीशी जोडले. त्याआधी ग्लॅडिस थॉम्पसन यांनी किनाऱ्यावरच्या गावांत फिरून, मच्छीमारांच्या अंगावरचे स्वेटर पाहून नक्षी उतरवून घेतल्या होत्या. त्यांचा संग्रह १९५५ मध्ये छापला गेला, म्हणून कितीतरी विणी वाचल्या.

२२/ दंतकथेने कोणाचे नुकसान केले, असे विचारता येईल. तिने श्रेय हलवले. विणी हजार वर्षांपूर्वीच्या ठरल्या, की त्या रचणारी विसाव्या शतकातली ॲरनची स्त्री केवळ परंपरेची वाहक उरते. तिची प्रतिभा नाहीशी होते. विण म्हणजे कुळाची खूण ठरली, की यार्मथच्या धक्क्यावर झालेली नक्षीची देवघेव, कॉर्नवॉलमधली नगावरची मजुरी, चिंध्या बांधलेली बोटे, १९३६ चा संप, सारे चित्राबाहेर जाते. उरते फक्त दर्याकडे डोळे लावून बसलेली एक बाई. प्रत्यक्षात ती क्वचितच रिकाम्या हाताने बसलेली असे.

२३/ कामातले गॅन्झी फारसे उरले नाहीत. झिजेपर्यंत वापरायचे, उसवायचे, पुन्हा विणायचे, हीच त्यांची नियती होती. वाचलेले काही आज स्कॉटलंडमध्ये अँस्ट्रदरच्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयासारख्या ठिकाणी पाहायला मिळतात. काहींच्या मनगटाशी रंगाचा सूक्ष्म फरक दिसतो. तिथे बाही उसवून नव्या धाग्याने पुन्हा विणलेली असते. तो जोड ज्या हाताने दिला, त्याचे नाव बहुतेक वेळा कोणत्याही नोंदीत नाही.

२४/ सिंगच्या नाटकातल्या त्या बहिणीने बरोबर ओळखले होते : वीण सांगते ती विणणाऱ्या हाताविषयी. कपाटातला गंजिफ्रॉक आता गिरणीतल्या यंत्रावर विणला जातो आणि त्यात कोणाचाच टाका गळत नाही. तरी त्याच्या नावात अजून ते बेट आहे, तो थंड समुद्र आहे, आणि चालता चालता विणणाऱ्या त्या बायका आहेत.

२४/२४ समाप्त. #इतिहास #वस्त्रपरंपरा